धमाका जमिनीवर न पोचवणारं विमान

२००३ मध्ये काँकॉर्ड निवृत्त झालं आणि ध्वनीहून वेगानं प्रवासी नेणारं एकही विमान उरलं नाही. ती उणीव भरून काढायला अमेरिकेतल्या डेन्व्हर परिसरातली बूम सुपरसॉनिक ही कंपनी २०१४ पासून धडपडते आहे. २८ जानेवारी २०२५ रोजी तिच्या एक्सबी-१ या छोट्या चाचणी-विमानानं मोहावीच्या वाळवंटावर ध्वनीचा वेग ओलांडला, आणि त्याचा धमाका खाली ऐकूच आला नाही!

हे कसं घडतं? उंचावरच्या थंड हवेत ध्वनी हळू जातो. खाली हवा उबदार होत जाते, तसा त्याचा वेग वाढतो. त्यामुळे विमानानं उठवलेला, धमाका घडवणारा आघाततरंग वाकत वाकत जमिनीला न टेकताच वर वळतो. अट एवढीच, की विमान पुरेशा उंचीवर हवं आणि वेग बेताचा, ध्वनीच्या फार तर १.३ पट. त्यातही हवामान अनुकूल लागतं. समुद्रावर मात्र बूमचं ६० ते ८० प्रवाशांचं नियोजित विमान ‘ओव्हर्चर’ ध्वनीच्या १.७ पट वेगानं उडणार आहे.

मला खरी काळजी इंजिनाची वाटते. २०२२ मध्ये इंजिन बनवणाऱ्या रोल्स-रॉइसनं ओव्हर्चरच्या कामातून अंग काढून घेतलं. आता कंपनी ‘सिम्फनी’ हे स्वतःचं इंजिन घडवते आहे, आणि नवं जेट इंजिन प्रमाणित करून घेणं विमान बांधण्याइतकंच अवघड काम आहे.