आधी खडाखडी, मग कुस्ती

पिकलबॉल हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं की मराठी माणसाला लोणच्याची बरणी आठवते. त्यातून या खेळात जाळीलगतच्या पट्ट्याला ‘किचन’ म्हणतात हे कळलं की घरातली मंडळी हसू आवरू शकत नाहीत. पण या खेळाचा जन्म स्वयंपाकघरातला नव्हे, अंगणातला. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळच्या बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल या दोन मित्रांना घरच्या कंटाळलेल्या मंडळींना कशात तरी गुंतवायचं होतं. अंगणात बॅडमिंटनचं जुनं कोर्ट होतं, पण त्याचं सामान धड सापडेना. मग टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा चेंडू यांवर भागवलं. पुढे बार्नी मॅकॅलम हे स्नेही येऊन मिळाले आणि खेळाला नियम आले. आपल्याकडे तो आणण्याचं श्रेय सुनील वळावलकर यांना जातं. अखिल भारतीय संघटना २००८ साली उभी राहिली. आता हा खेळ मोठ्या शहरांतून जिल्ह्याच्या गावांकडे सरकू लागला आहे.

पिकलबॉलचं कोर्ट २० फूट रुंद आणि ४४ फूट लांब, म्हणजे नेमकं बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढं. त्या अर्थी हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. परदेशात बॅडमिंटनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय, नंदू नाटेकर, जन्माने सांगलीचा. त्यांनी १९५६ साली क्वालालंपूरला ती किमया केली आणि १९६१ साली अर्जुन पुरस्काराच्या पहिल्याच यादीत त्यांचं नाव आलं. नाटेकरांचं डौलदार पदलालित्य पाहिलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. त्यांच्या मागची, नुकतीच निवृत्त झालेली पिढी मात्र हातात नवी बॅट घेऊन कोर्टावर उतरते आहे.

उतरावं यासारखा हा खेळ आहेच. कोर्ट लहान, सर्व्हिस कमरेखालून, बहुतेक वेळा दुहेरी, आणि चार दिवसांत चेंडू परतवता येतो. नातू आणि आजोबा एका बाजूने खेळू शकतील असे खेळ जगात फार नाहीत. पण या सोपेपणातच एक गोम आहे. टेनिस कोर्टाचा विस्तार पाहून माणूस आपोआप बिचकतो. इथे कुणी बिचकत नाही. गाडी लावली, बूट बांधले, उतरले! आणि चेंडू तर फार उसळत नाही. त्यामुळे सारखं वाकावं लागतं, आडवं सरकावं लागतं, दोन पावलं झपकन पुढे टाकून जागच्या जागी थांबावं लागतं. कुणी डोक्यावरून चेंडू उचलला की मागे पळावं लागतं, आणि उलट्या पावली पळताना तोल गेला की माणूस हात टेकवतो. मनगट मोडतं ते असं. तासभर फिरायला जाणाऱ्या माणसाच्या पायांना चालण्याची सवय असते, या झटक्यांची नसते.

साठीच्या शरीराची तक्रार नेमकी काय असते? थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठते, तेल तेच, पण ओघळत नाही. सांध्यांतल्या वंगणाचंही काहीसं तसंच. हालचाल सुरू झाली की ते पातळ होऊन पसरतं. स्नायूंना रक्तपुरवठा वाढला की ते उबदार आणि लवचिक होतात. मेंदूकडून पायाकडे जाणारा निरोपही उबदार शरीरात लवकर पोचतो. हृदयालाही हळूहळू वेग घ्यायला अवधी लागतो. झोपेतून उठवून एकदम घाट चढायला लावलं तर त्याच्यावर ताण येणारच. त्यातही टाचेच्या मागची ती दोरीसारखी शीर, डॉक्टर जिला अ‍ॅकिलीस टेंडन म्हणतात, तिच्या मधल्या भागाला मुळात रक्तपुरवठा बेताचा असतो. वयाबरोबर ती ताठर होते. ती तुटते तेव्हा मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं. माणूस वळून पाहतो, तर मागे कुणीच नसतं.

सातारा-सांगलीच्या माणसाला हे परदेशी तज्ज्ञांकडून शिकण्याची गरज नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ साली जकार्ताच्या आशियाई खेळांत सुवर्णपदक आणलं. हे पहिलवान ज्या परंपरेतून आले त्या तालमीत पहाटे आल्याआल्या कुणी कुणाला चितपट करत नाही. आधी हातात फावडं येतं. लाल मातीचा हौदा खणायचा, माती उकरून भुसभुशीत करायची. नवख्या पोराला वाटतं, हे गड्याचं काम आपल्याला कशाला? पण माती तयार होता होता खांदे, पाठ आणि मांड्या तयार झालेल्या असतात. मग जोर, मग बैठका, आणि त्यानंतर लढत. लढतीतही पहिली असते ती खडाखडी. हाताला हात भिडवायचा, मान जोखायची, जोराचा अंदाज घ्यायचा. एखादा उतावळा पोरगा “वस्ताद, आज थेट धरू का?” म्हणाला, तर “आधी घाम काढ, मग बोल” हेच उत्तर मिळायचं.

दुसरा वारसा औंधचा. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, तर त्या संस्थानातली आटपाडी आणि किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात. तिथले राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा एवढा ध्यास घेतला, की संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे केले. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. नमस्काराकडे आपण पूर्ण व्यायाम म्हणून पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण संथ लयीत घातलेले चार-सहा नमस्कार ही खेळापूर्वीची उत्तम तयारीही आहे. त्यात पाठ, मांड्या, पोटऱ्या, खांदे सगळेच ताणले जातात, तेही हालत्या अवस्थेत. पहिला नमस्कार मात्र सावकाश घालावा. आखडलेल्या कमरेला एकदम जमिनीपर्यंत वाकवू नये.

हालत्या अवस्थेत हे महत्त्वाचं. आपल्यापैकी अनेकांना शाळेतल्या पी.टी.च्या तासाला एक पाय पुढे ठेवून, अंगठा पकडून, मनातल्या मनात आकडे मोजत थांबायला शिकवलं होतं. तो ताण खेळ संपल्यावर चांगला. खेळण्याआधी थंड स्नायू मिनिट-मिनिटभर एकाच जागी ताणून धरला, तर त्याची ताकद थोडा वेळ उलट कमी होते, असं आता व्यायामशास्त्र सांगतं. नॉर्वेमध्ये फुटबॉल खेळणाऱ्या १३ ते १७ वयाच्या मुलींना वीस मिनिटांची शिस्तशीर तयारी करायला लावून पाहिलं. २००८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने घटल्या आणि गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. पंधरा वर्षांच्या मुलींची ही कथा, मग आपली काय!

पिकलबॉलसाठी दहा-बारा मिनिटं पुरतात. पहिली चार मिनिटं भरभर चालावं, मग जागच्या जागी गुडघे उचलावेत आणि कोर्टाच्या कडेने आडवी पावलं टाकावीत. पुढची चार मिनिटं सांध्यांची. घोटे फिरवणं, टाचा उचलून पुन्हा सावकाश टेकवणं, कठड्याला धरून पाय पुढे-मागे झुलवणं, अर्ध्या बैठका, कंबर दोन्ही बाजूंना वळवणं, हातांची लहान-मोठी वर्तुळं. शेवटची चार मिनिटं बॅट आणि चेंडूची. किचनच्या रेषेवर उभं राहून हलके चेंडू, मग मागे सरकून लांबचे, शेवटी चार-पाच सर्व्हिस. कपाळावर घामाची पुसट ओल यावी, पण शेजाऱ्याशी बोलताना धाप लागू नये, ही खूण. पौष-माघातल्या साताऱ्याच्या थंडीत आणखी चार-पाच मिनिटं द्यावीत. सांगलीच्या उन्हाळ्यात ‘हवाच गरम आहे’ म्हणून सूट घेऊ नये. हवा तापली म्हणजे घोटा तयार झाला असं नव्हे. दोन डावांमध्ये वीस मिनिटं बाकावर बसलात, तर पुन्हा दोन मिनिटं अंग हलवून घ्यावं. बूट आडव्या हालचालीला आधार देणारे असावेत. हृदयविकार, रक्तदाब किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दडपण आलं, तर डाव तिथेच सोडावा आणि डॉक्टर गाठावा.

हे सगळं माहीत असूनही माणसं टाळतात. कोर्ट तासावर मिळतं, पैसे चौघांत वाटलेले असतात, आणि सात वाजून पाच मिनिटांनी कुणी पाय झुलवत उभा राहिला की बाकीचे तिघे घड्याळ पाहतात. भिडेपोटी तोही उतरतो. गृहिणींची अडचण निराळी. सकाळचे डबे आणि धुणं उरकून त्या धावत येतात आणि म्हणतात, “घरात दोन तास राबूनच आलेय, अंग गरमच आहे!” राबणं झालेलं असतं हे खरं, पण ओट्यापाशी उभं राहून पाय अवघडतात, ते खेळासाठी मोकळे होत नाहीत.

माझं आयुष्य बँकेत गेलं, तिथला दाखला देतो. काउंटर उघडायची वेळ ग्राहकाला दिसते. त्याआधी दोन अधिकारी दोन किल्ल्या लावून स्ट्राँगरूम उघडतात, रोकड मोजून कॅशियरच्या ताब्यात जाते, वह्यांवर सह्या होतात, हे त्याला दिसत नाही. ती वेळ वाया गेली असं कुठलाही मॅनेजर म्हणत नाही. तशी कोर्टाची वेळ सातची असेल, तर आपली वेळ पावणेसातची धरावी. पहिली आठ मिनिटं कोर्टाबाहेरच होतात, त्यांना भाडं पडत नाही. चौघांनी मिळून केली तर भीडही उरत नाही.

कारण यात डावाला लागते ती हार-जीत नव्हे. पंचविशीतला पाय मुरगळला तर पंधरवड्यात माणूस पुन्हा मैदानावर दिसतो. साठीनंतर टाचेची शीर तुटली की महिनोन् महिने जातात. तेवढ्यात मांड्यांची ताकद ओसरते, जिना परका होतो, बाजारची पिशवी दुसऱ्याच्या हाती जाते आणि मुलांना रजा काढाव्या लागतात. पाय बरा झाला तरी मनात धास्ती बसते, आणि त्या धास्तीपायी पुष्कळजण कायमचे घरात बसतात. दहा मिनिटांची तयारी म्हणजे कवचकुंडलं नव्हेत. नशिबाचा भाग उरतोच. पण आपल्या पायांनी हवं तिथे जाण्याची मुभा ही उतारवयातली मोठी मिळकत आहे. तिच्या राखणीसाठी रोज दहा मिनिटं म्हणजे अगदी किरकोळ हप्ता. तेव्हा समोरच्याने “चला, चला, वेळ झाली” म्हणून हाक दिली, तर हसून सांगावं, “थांबा हो, अजून खडाखडी व्हायचीय.”