विमान आदळले, तर लगेच सांगा

बारामती, गोंदिया येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. त्यामुळे लहान विमान ही आता फार दूरची वस्तू राहिलेली नाही. ज्यांची मुले या धंद्यात जाऊ इच्छितात, त्यांच्यासाठी आम्ही आज एक गोष्ट समजावून देत आहोत.

सेसना 172 हे शिकाऊंचे परिचित विमान 1956 पासून वापरात आहे. त्याची मागची दोन मुख्य चाके स्प्रिंगप्रमाणे वाकणाऱ्या पोलादी पायांवर असतात. जमिनीचा धक्का घेण्याचे काम त्यांचे. पुढच्या चाकाचा दांडा तेल व हवेचा असतो आणि तो इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीला, म्हणजे फायरवॉलला जोडलेला असतो. तो एवढा मार सोसण्यासाठी नसतो.

म्हणून मुख्य चाके आधी टेकली पाहिजेत. वेग जास्त असताना नाक खाली रेटले, की पुढचे चाक आधी आदळते व विमान उसळते. घाबरून पुन्हा नाक दाबले, की पुढची उसळी आणखी मोठी होते. अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जाणे व नव्याने उतरणे हाच शहाणपणा.

अमेरिकेच्या 2017 पूर्वीच्या नियमांत, लहान विमानाच्या चाकांनी सेकंदाला 7 ते 10 फूट खाली येण्याचा धक्का सोसावा, असा हिशेब होता. खाली येण्याचा वेग दुप्पट झाला, तर मार चौपट बसतो. थोडी चूकही त्यामुळे महाग पडते.

खरी अडचण पुढेच आहे. विमान आदळूनही आपल्या चाकांवर चालत जागेवर येते. वरून सारे ठीक दिसते. आत मात्र फायरवॉलच्या पत्र्याला सुरकुती पडलेली असते, रिव्हेट सैल झालेले असतात, एखाद्या बोल्टला बारीक तडा गेलेला असतो. पंख्याचे पाते जमिनीला लागले असेल, तर इंजिनाच्या क्रँकशाफ्टलाही धक्का बसतो. मग इंजिन उघडून पाहावे लागते.

शिकाऊ बोलणी खाण्याच्या भीतीने गप्प बसतो, मालक दिवस बुडेल म्हणून डोळेझाक करतो. दोघांचाही हिशेब चुकतो. वाचलेला खर्च उद्या दुसऱ्याच मुलाच्या जिवावर बेततो. नोंदवहीत लिहावे आणि इंजिनिअरने तपासेपर्यंत विमान उडवू नये. खरे सांगणाऱ्या शिकाऊला मालकाने शिक्षा करू नये, नाही तर पुढच्या वेळी कोणीच सांगणार नाही.