अनाथगृहांतील नाटक

अनाथगृहांत नाटक म्हणजे मुलांची निव्वळ करमणूक, असें पुष्कळांस वाटतें. सन १९४२ च्या १८ जुलैस, वॉर्सा येथें ज्यू लोकांना कोंडलेल्या वस्तींत, डॉ. यानुश कोर्चाक यांच्या अनाथगृहानें रवींद्रनाथांचें ‘डाकघर’ नाटक केलें. वैद्याच्या मनाईमुळें घरांत अडकलेला, खिडकींतून जग पाहणारा आजारी अमल अखेर शांतपणें निद्राधीन होतो. भिंतीआडच्या उपाशी मुलांना स्वतःचें भय सांगणें अवघड. अमलच्या तोंडून तें बोलतां येतें. पुढें तीन आठवड्यांच्या आंत या मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे नेण्यांत आलें. सुटकेची संधि असूनहि कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले.

समाजसेवेच्या विद्यार्थ्यांस आपण अहवाल लिहावयास शिकवितों. त्यांना एकदां अमलच्या खाटेवरहि निजवावें. उभ्या माणसानें वरून केलेली विचारपूस निजलेल्यास कशी लागते, तें तेव्हां कळेल.