शरदऋतू आणि गृहशिक्षण : पिंपरी-चिंचवड व चाकण परिसरातील काही उपक्रमांचा विचार

मुलास नियमित शाळेत न घालता त्याच्या शिक्षणाची धुरा पालकांनी स्वतः वाहणे, या पद्धतीस आपण गृहशिक्षण म्हणतो. १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांस लागू आहे. परंतु त्यात गृहशिक्षणाचा असा स्वतंत्र विचार केलेला नाही. तरीही हा मार्ग पत्करणारी कुटुंबे पुणे परिसरात आहेत. परीक्षेपुरती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, किंवा राज्य मंडळाकडे सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची वाट त्यांस मोकळी असते. त्यांच्यापुढील नित्याचा प्रश्न मात्र परीक्षेचा नसून दिवसाचा असतो. आज सकाळी मुलाने काय करावे, हा तो प्रश्न होय.

त्याचे उत्तर शोधताना पालक सहजच परदेशी पुस्तकांकडे वळतात आणि तेथे शरदऋतूचे म्हणून जे उपक्रम सांगितलेले असतात, ते घरी करू पाहतात. गळलेली रंगीत पाने गोळा करणे, भोपळे कोरणे, सफरचंदांच्या बागेत जाणे, असे त्यांचे स्वरूप असते. परंतु आपल्याकडे पानगळ हे शिशिराचे लक्षण आहे. आश्विनात पवना-इंद्रायणीचे काठ हिरवे असतात, माळावरचे गवत नुकते पिवळू लागलेले असते आणि रब्बीच्या ज्वारीची पेरणी चालू असते. ज्या ऋतूचे अवलोकन करावयाचे, तोच ऋतू खिडकीबाहेर नसेल तर अवलोकनाऐवजी चित्रे रंगविणे तेवढे उरते.

उलट, आपल्या घरांतील आश्विन-कार्तिकाच्या प्रथांकडे पाहिले असता त्यांत शिक्षणाची सामग्री विपुल आढळते. ती सामग्री म्हणजेच शिक्षण, असे मात्र समजण्याचे कारण नाही. सर्वच अनुभव सारखे शिक्षणप्रद नसतात, ही गोष्ट जॉन ड्यूई याने १९३८ साली ‘एक्स्पीरिअन्स अँड एज्युकेशन’ या ग्रंथात स्पष्ट केली आहे. एक अनुभव पुढच्या अनुभवास वाट करून देतो की नाही, ही त्याची कसोटी. लहान मुलाच्या बाबतीत ही वाट बहुधा मोजण्यातून व मोजलेले लिहून ठेवण्यातून निघते, असे आमचे मत आहे. आणि मोजण्याच्या बाबतीत हा परिसर असामान्य आहे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. कारखान्यांचा पट्टा पुढे चाकणपर्यंत पसरला. त्यामुळे येथील असंख्य घरांत कोणी ना कोणी टर्नर, फिटर किंवा तपासनीस असतो. खंडेनवमीस यंत्रांना व हत्यारांना फुले वाहिली जातात. घरी पूजेस मांडलेला व्हर्नियर मुलाच्या हाती देऊन त्याच्याकडून हरभऱ्याचे दहा दाणे कोरडे असताना, आणि रात्रभर भिजल्यावर पुन्हा, मोजून घ्यावेत. या साधनाने मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागापर्यंतचे माप घेता येते. कारागीर ज्यास ‘जॉब’ म्हणतो, त्या दहा नगांची मापे ठरलेल्या मर्यादेत यावीच लागतात. दहा दाण्यांची तशी येत नाहीत. तसे का, असे मुलाने विचारले की सरासरी व विचलन यांची प्रस्तावना झालीच. ‘मला शिकविता येत नाही’ असे म्हणणारा, दुसरी पाळी करून आलेला बाप या ठिकाणी पदवीधर शिक्षकाहून अधिक अधिकाराने बोलू शकतो.

घटस्थापनेचेही असेच आहे. घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत अंकुर वाढतात. हे दृश्य प्रत्येक मुलाने पाहिलेले असते. परंतु देवघरातील अंकुर पिवळसर का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. घटास हात लावणे ज्यांस प्रशस्त वाटणार नाही, त्यांनी दोन निराळी मातीची भांडी घ्यावीत. माती, दाण्यांची संख्या व पाणी सारखे ठेवून एक भांडे अंधाऱ्या कोपऱ्यात आणि दुसरे खिडकीत ठेवावे व रोज पट्टीने उंची मोजावी. अंधारातील अंकुर अधिक उंच होतात. प्रकाशात रोप चांगले वाढते, असे पढविलेल्या मुलास हा निकाल बुचकळ्यात टाकतो, आणि त्या क्षणी पालकाने उत्तर देण्याची घाई न करणे यातच निम्मे अध्यापन आहे. अंधारातील रोप दाण्यात साठविलेले अन्न खर्चून प्रकाशाच्या शोधात केवळ लांबते. हरितद्रव्य नसल्याने नवे अन्न तयार करीत नाही. दोन्हींकडील रोपे समान संख्येने घेऊन पूर्ण वाळविली व सोनाराच्या काट्यावर तोलली, तर उंची म्हणजे वाढ नव्हे हे ध्यानात येते.

सदनिकेत राहणाऱ्या कुटुंबास गच्ची असली तरी पुरे. एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करून दुपारची सर्वांत आखूड सावली मोजावी. २३ सप्टेंबरच्या सुमारास ती येथे अदमासे ३४ सेंटिमीटर भरते. कागदावर त्या प्रमाणात त्रिकोण काढून वरचा कोन मोजला असता तो साडेअठरा अंशांहून किंचित अधिक येतो. हेच आपल्या गावाचे अक्षांश. ही आखूड सावली बारा वाजता न पडता साडेबाराच्या जरा आधी पडते. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आपण चौऱ्याहत्तराच्या अलीकडे. अंशास चार मिनिटे धरून पस्तीस मिनिटे होतात. उरलेला काही मिनिटांचा फरक पृथ्वीच्या कक्षेचा आकार व अक्षाचा कल यांमुळे पडतो. सप्टेंबरअखेर पुष्कळदा आभाळ भरलेले असते, तेव्हा विषुवदिन हुकण्याची तयारी ठेवावी. आभाळ उघडल्यावर आठवड्यातून एकदा नोंद घेतली, तर १ नोव्हेंबरपर्यंत सावली ६५ सेंटिमीटरच्या घरात गेलेली दिसेल.

दिवाळीतील किल्ला हा या परिसरातील मुलांचा सर्वांत आवडता उद्योग. अलीकडे तयार किल्ले विकत मिळतात. तो व्यवहार आमच्या मते खेदजनक आहे, कारण किल्ल्याचे शिक्षण मातीत आहे. काळी माती ओली असता फुगते व वाळताना तडकते; मुरुमाचे तसे होत नाही. बाटलीत माती व पाणी घालून ढवळून ठेवावे. वाळू प्रथम, गाळ नंतर आणि चिकणमाती सर्वांत शेवटी बसते. असे थर पाहिलेला मुलगा बुरुजास कोणती माती घ्यावी हे स्वतः ठरवितो.

मुले बहुधा डोंगरी किल्ला करतात. चाकणचा संग्रामदुर्ग मात्र भुईकोट आहे. १६६० साली शायिस्तेखानाने त्यास वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा याने तो ऐन पावसाळ्यात सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर मोगलांनी भुयार खणून सुरुंगाने बुरूज उडविला, तेव्हा तो पडला. उंच कडा नसताना किल्ला इतके दिवस कसा टिकला, खंदकात पाणी असल्याने कोणाची सोय व कोणाची अडचण झाली, भुयार खणणाऱ्यास पावसाने काय त्रास दिला असेल, हे प्रश्न मातीचा खंदक करून त्यात पाणी ओतल्यावर नुसत्या वाचनापेक्षा निराळ्या रीतीने उभे राहतात. संग्रामदुर्गाचे तट-बुरुजांचे अवशेष जागेवर पाहून मग किल्ला करावा, उलट क्रमाने नव्हे.

वरील उपक्रम एकट्या मुलास करता येतात. त्यांची मर्यादाही हीच. गृहशिक्षणाविरुद्धचा सर्वांत गंभीर आक्षेप सोबतीच्या अभावाचा आहे, आणि तो केवळ शाळेच्या अभिमान्यांचा आक्षेप म्हणून टाळता येणार नाही. शरदऋतूत त्याची तीव्रता काहीशी कमी होते. दिवाळीची सुटी लागली की शाळेतील मुले व घरी शिकणारी मुले यांचा दिवस एकसारखा होतो, आणि किल्ला सहसा चारपाच जणांचा असतो. त्याआधी भोंडला. पाटावर हत्ती काढून त्याभोवती फेर धरावयाचा, तर एका घराच्या मुली पुरत नाहीत. सोसायटीच्या अंगणात हाक घालावीच लागते. पहिल्या दिवशी एक गाणे, दुसऱ्या दिवशी दोन, या रीतीने नऊ दिवसांत गाणी ४५ होतात, आणि हादगा सोळा दिवस चालतो तेथे १३६. ही बेरीज कागदाविना करण्याची युक्ती मुलींना फेरातच सापडू शकते. शेवटी खिरापत ओळखावयाची. गोड की तिखट, ओली की कोरडी, तळलेली की भाजलेली, अशा प्रश्नांनी शक्यता निम्म्या-निम्म्या करीत नेणे हा वर्गीकरणाचा उत्तम अभ्यास होय; आणि घरी प्रत्येक प्रश्नास आईकडून सविस्तर उत्तर मिळण्याची सवय झालेल्या मुलीस येथे झाकलेला डबा हाती धरून उभ्या असलेल्या मैत्रिणीकडून केवळ ‘नाही’ एवढेच ऐकून पुढचा प्रश्न शोधावा लागतो.