स्नायुबलाचे मोजमाप : आकडा विश्वासार्ह केव्हा ठरतो?

शास्त्रीय विषय मराठीतून कसा मांडावा, याचा सराव आपण उपयोजित मराठीच्या या घटकात करीत आहोत. त्यासाठी मुद्दाम तुमच्या परिसराला जवळचा विषय निवडला आहे. शहापूर-मुरबाडकडे भाताची कापणी उरकली की कबड्डीची मैदाने आखली जातात; तुमच्यापैकी काही जण त्यांत उतरत असतील, काही जण पोलीस भरतीसाठी पहाटे धावत असतील. ‘त्याच्या अंगात ताकद आहे’ हे वाक्य आपण सहज बोलतो. ही ताकद मोजायची कशी आणि मोजून आलेल्या आकड्यावर विसंबायचे केव्हा, हा प्रश्न मात्र सहज सुटणारा नाही. एखाद्याची निवड वा वगळणूक त्या आकड्यावर होऊ लागली म्हणजे तर त्याचे मोल फारच वाढते.

आरंभ शब्दांपासून करू. ताकद, बळ, जोर, शक्ती, दम, रग हे शब्द आपण व्यवहारात एकमेकांच्या जागी वापरतो. भाताचे पोते एका झटक्यात खांद्यावर घेणे, तेच पोते घेऊन माहुलीच्या पायथ्याची चढण चढणे आणि चढाईपटूने पकड होता होता मध्यरेषेकडे उसळी घेणे, या तिन्हींना आपण ‘ताकद’च म्हणतो. क्रीडाशास्त्र येथे थांबते आणि भेद करते. एका प्रयत्नात स्नायूंना लावता येणारा जास्तीत जास्त जोर म्हणजे स्नायुबल; तो किती वेगाने लावता येतो, ती स्फोटक शक्ती; आणि तो किती काळ पुन्हापुन्हा लावता येतो, तो दमदारपणा. तालमीत पाचशे बैठका मारणारा मल्ल दमदार असतो, यात शंका नाही. परंतु त्या पाचशे या आकड्यावरून त्याच्या कमाल स्नायुबलाविषयी फारच थोडे कळते. जे मोजायचे तेच चाचणी मोजते का, या प्रश्नाला ‘सप्रमाणता’ म्हणतात. तीच चाचणी त्याच स्थितीत पुन्हा घेतली तर तेच उत्तर येते का, या प्रश्नाला ‘विश्वसनीयता’ म्हणतात. विद्यार्थ्यांच्या लेखनात या दोन संज्ञांची गल्लत नेहमी आढळते, म्हणून हा भेद नीट लक्षात ठेवावा.

आपल्या बाजारात एक जुना शब्द आहे : पासंग. तराजूची दोन पारडी रिकामी असतानाच समतोल नसतील, तर हलक्या बाजूला जो लहानसा धोंडा किंवा वजन बांधतात, तो पासंग. शब्द फारसीतून आला आणि ‘पासंगालाही न पुरणे’ या वाक्प्रचारात टिकून राहिला. पासंग ज्या दोषावर उपाय आहे, तो दोष ठरावीक असतो. तराजू दर वेळी तेवढाच झुकतो, म्हणून तो भरून काढता येतो. दुसरा दोष याहून अवघड. काटा एकदा इकडे थरथरतो, एकदा तिकडे. त्याला कोणताही पासंग लागू पडत नाही. विश्वसनीयतेचा प्रश्न या थरथरीचा आहे.

स्नायुबल मोजण्याची सर्वपरिचित रीत म्हणजे योग्य पद्धतीने एकदाच उचलता येईल असे कमाल वजन शोधणे. हलक्या वजनाने अंग तापवायचे, मग वजन वाढवत न्यायचे, जड प्रयत्नांमध्ये तीन ते पाच मिनिटांची विश्रांती द्यायची आणि साधारण पाच प्रयत्नांत कमाल मर्यादा गाठायची. प्रयत्न फार झाले तर बल मोजले जाण्याऐवजी थकवा मोजला जातो. इतके जड वजन द्यायचे नसेल, तर सूत्राने अंदाज करतात. एप्ली यांच्या सूत्रानुसार उचललेल्या वजनात, त्याच वजनाला आवर्तनांच्या संख्येने गुणून ३० ने भागल्यावर येणारी भर घालायची. १०० किलो ६ वेळा उचलले, तर अंदाज १२० किलो. आवर्तने दहाच्या पुढे गेली की या अंदाजात दमदारपणा शिरतो आणि सूत्र भरवशाचे राहत नाही.

आता मुख्य मुद्दा. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ३२ अभ्यासांच्या एका आढाव्यात असे दिसले, की कमाल वजनाची ही चाचणी एकंदरीत चांगली विश्वसनीय आहे. तरीही तीच व्यक्ती पुन्हा तपासली असता आढळणारा चढउतार मध्यम प्रमाणात सुमारे ४ टक्के होता. चार टक्के ऐकायला अल्प वाटतात. समजा, एका कबड्डीपटूची खांद्यावर बारबेल घेऊन मारलेली कमाल बैठक १२० किलोंची आहे. चार टक्के म्हणजे जवळपास ५ किलो. परंतु आपण दोन नोंदींची तुलना करतो आणि चूक दोन्ही नोंदींत असते. त्यामुळे वाढ खरी आहे असे ९५ टक्के खात्रीने म्हणायचे, तर फरक त्या चढउताराच्या पावणेतीन पटींहून अधिक हवा, म्हणजे सुमारे १३ किलो. नवशिक्याच्या बाबतीत हे फारसे अडत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत तेवढी भर पडू शकते आणि त्यातला बराच वाटा स्नायू वाढल्याचा नसून मज्जासंस्था ती हालचाल शिकल्याचा असतो. मुरलेल्या खेळाडूचे तसे नाही. त्याची हंगामभराची खरी कमाई चार-पाच किलोंची असू शकते आणि ती थरथरीत पूर्ण बुडून जाते. चाचणीची शिस्त कडक करून चढउतार दीड टक्क्यावर आणला, तर मात्र सुमारे ५ किलोंची वाढही ओळखता येते. खेळाडू जितका तयार, तितकी चाचणी अधिक काटेकोर हवी.

शिस्त म्हणजे नेमके काय? बैठक किती खोल हे ठरलेले हवे. मांडी जमिनीला समांतर होण्याआधीच खेळाडू उठला, तर बल न वाढता वजन वाढते. हातपकडीच्या बलमापकात कोपराचा कोन आणि मुठीचे अंतर दर वेळी तेच हवे. वेळही तीच हवी, कारण बहुतेकांचे स्नायुबल सकाळपेक्षा दुपारनंतर काहीसे अधिक भरते. आदल्या दिवशी सामना झाला का, झोप किती झाली, याची नोंद हवी. खरी चाचणी घेण्यापूर्वी एकदोन वेळा तिचा सराव द्यायला हवा.

आणि शब्द तेच हवेत. भाषेच्या अभ्यासकाला हा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटावा. ‘जोरात ओढ’ आणि ‘झटक्यात ओढ’ या दोन सूचनांनी यंत्रावर वेगळे आलेख उमटतात. वेगावर भर दिला की बल अधिक झपाट्याने चढते. प्रोत्साहनाच्या आरोळीनेही नोंद वाढते. मग एकाला आरोळी आणि दुसऱ्याला शांतता, ही तुलना कशी म्हणावी? त्यात ‘कमाल आकुंचन करावे’ अशी पुस्तकी सूचना ठाकूर किंवा कातकरी वस्तीतील मुलाला दिली, तर त्याच्या बलाबरोबर त्याच्या प्रमाण मराठीचीही परीक्षा होते.

या निष्काळजीपणाचा एक इतिहास आहे. १८०० ते १८०४ या काळात बोदँ यांच्या फ्रेंच सागरी मोहिमेत फ्रांस्वा पेरों या तरुण निसर्गअभ्यासकाने रेन्ये यांनी बनविलेला बलमापक बरोबर नेला आणि टास्मानिया, तिमोर येथील माणसांचे बल मोजून ते युरोपीय खलाशांच्या बलाशी ताडून पाहिले. ‘रानटी’ माणूस सुसंस्कृत माणसाहून दुबळा, असा निष्कर्ष त्याने काढला. माणसे मोजकी होती. हातात दिलेली वस्तू त्यांनी कधी पाहिलेली नव्हती. परक्या माणसापुढे संपूर्ण जोर लावावा असे त्यांना का वाटावे, हा प्रश्न त्याने पुरेसा विचारला नाही. आकडा यंत्रातून आला एवढ्यावरच तो शास्त्रीय ठरला.

हे दूरचे उदाहरण येथे दिले, त्याला कारण आहे. आश्रमशाळेतील मुलगी उत्तम कबड्डी खेळते, घोट्याची पकड सोडत नाही. पण तिने बारबेल कधी खांद्यावर घेतलेला नाही. पकडीत ती प्रशिक्षित आहे, बारबेलच्या बैठकीत नवशिकी. एका सकाळी, एका प्रयत्नात, अनोळखी साधनावर आलेला तिचा आकडा शहरातील व्यायामशाळेत वाढलेल्या मुलीच्या आकड्याशेजारी ठेवणे माझ्या मते अन्यायाचे आहे, मग यंत्र कितीही महागडे असो. म्हसाच्या जत्रेत बैल घेणारा शेतकरीदेखील दात पाहतो, खांदा चाचपतो, चालवून पाहतो, फिरून येऊन पुन्हा पाहतो.

सरावासाठी : एका काल्पनिक खेळाडूची कमाल बैठक एकाच पंधरवड्यात, त्याच वेळी व त्याच पद्धतीने तीनदा मोजली, नोंदी ११८, १२२ आणि १२० किलो आल्या. आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर एकदाच मोजले, तेव्हा १२६ किलो भरले. या नोंदींवरून प्रशिक्षकाला उद्देशून सुमारे १५० शब्दांचे टिपण लिहा. टिपणात ‘विश्वसनीयता’ ही संज्ञा योग्य अर्थाने वापरा आणि आणखी एक चाचणी घ्यावी की नाही, याबद्दलचे तुमचे मत कारणासह नोंदवा.