चौकट : हिस्लॉपचा वारसा, बोखाऱ्याचे मैदान

● १८४५ : स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. सीताबर्डी आणि कोराडीजवळची कामठी छावणी ही त्यांच्या कामाची ठिकाणे. धर्मप्रसाराबरोबर त्यांनी शाळाही काढल्या.

● गोंडांशी जवळीक : गोंड आदिवासींमध्ये फिरून हिस्लॉप यांनी त्यांची भाषा, चालीरीती आणि त्यांचा पुराणपुरुष लिंगो याची गाणी टिपून घेतली. ज्यांना ‘रानटी’ म्हणून मोडीत काढले जाई, त्यांचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे, ही त्यामागची वृत्ती होती.

● १८६३ : टाकळघाट परिसरातून परतताना पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉप यांचा मृत्यू झाला. त्यांची टिपणे ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली.

● १८८३ : त्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज सुरू झाले.

● २००१ : याच कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी झोपडपट्टीतली मुले पाहिली आणि ‘झोपडपट्टी फुटबॉल’ला सुरुवात झाली. पुढे ‘स्लम सॉकर’ या संस्थेच्या नावाने हा उपक्रम देशभर गेला. संस्थेचे मैदान कोराडी मार्गावरच्या बोखाऱ्यात आहे.

● चर्चचा उपक्रम नव्हे : स्लम सॉकर ही धर्मनिरपेक्ष चळवळ आहे. उपेक्षितांशी बरोबरीच्या नात्याने मैत्री करणे, एवढाच तिचा हिस्लॉपच्या कामाशी दुवा.

● २०१६ : संस्थेला ‘फिफा’चा विविधता पुरस्कार मिळाला.

● २०२२ : बारसे यांच्या कामावर बेतलेला नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा चित्रपट प्रदर्शित झाला.