घरचे दप्तर कोठे ठेवावे?



पूर्वी घरचे दप्तर एका पत्र्याच्या पेटीत मावत असे. आज सातबारा, नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाचे फोटो हे सारे घरातील चार फोनांत विखुरलेले असते. भविष्यनिर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी मागताना नोकरीची वर्षे सिद्ध करावी लागतात. तेव्हा कागद हेच कामगाराचे बळ. म्हणून हा प्रश्न चैनीचा नव्हे.

दप्तर एका जागी ठेवण्याची दोन साधने आहेत. पहिले, घरचा सर्व्हर. सतत चालू राहून घरातील इतर कॉम्प्युटरांना व फोनांना फाइली पुरवितो तो सर्व्हर. जुना डेस्कटॉपही या कामी येतो. त्याच्याकडून हवी ती कामे करून घेता येतात. दुसरे, नेटवर्क स्टोअरेज, ज्याला दुकानदार ‘नॅस’ म्हणतात. ही तयार पेटी. आत हार्ड डिस्क बसवावयाच्या, तारेने राऊटरला जोडावयाची, की प्रत्येकाला आपापला कप्पा मिळतो. तिच्या पोटातही लहानसा कॉम्प्युटरच असतो. मात्र त्याची कामे बहुतांशी बनविणाऱ्यानेच ठरवून दिलेली असतात.

मग निवड कशी करावी? कारखान्यात नवे यंत्र आले की आम्ही विचारतो, याचा फिटर कोण? हाच प्रश्न घरीही विचारावा. घरात कोणी जाणकार असेल आणि तो घरीच राहणार असेल, तर सर्व्हर स्वस्त व बहुगुणी. पण तो मुलगा उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर मागे राहिलेल्या आईवडिलांना पेटीच बरी. विजेचाही हिशेब करावा. २० वॉट घेणारी पेटी अहोरात्र चालली तर ३० दिवसांत सुमारे १४ युनिट जळतात. ८० वॉट घेणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरला ५८ लागतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पेटीत ४ टेराबाइटच्या दोन डिस्क घालून दोहोंवर तोच मजकूर ठेवता येतो. जागा ४ टेराबाइटचीच मिळते. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते, हे खरे. परंतु चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून पुसली जाते, आणि पाणी शिरले तर दोन्ही एकदमच भिजतात. एका छपराखालच्या दोन प्रती संकटाच्या वेळी एकच समजाव्यात.

हे महाडकरांना अधिक सांगावयास नको. २०२१ च्या जुलैत, २२ व २३ तारखांस, सावित्री-गांधारीच्या पुराने आपले तळमजले बुडविले. पेटी माडीवर ठेवावी, हा त्यातला पहिला धडा. पण त्याच २२ तारखेस तळियेवर दरड कोसळली आणि घरेच्या घरे गाडली गेली. तेथे माणसे गेली, त्या दुःखापुढे कागदांची कथा ती काय! तरी मागे उरलेल्यांना त्याच कागदांवर पुन्हा उभे राहावे लागते. म्हणून माडी पुरेशी नाही. एक प्रत दुसऱ्या गावी हवी.

आपल्याकडे मुंबई-पुण्यास नातेवाईक नाही असे घर विरळा. एका सुट्या डिस्कवर साऱ्या दप्तराची प्रत काढावी, तिला पासवर्डचे कुलूप लावावे, तो घरातील दोघांना ठाऊक असावा, आणि ती डिस्क त्या नातेवाइकाकडे ठेवावी. गणपतीला तो गावी आला की नवी प्रत न्यावी, जुनी परत आणावी. आणलेल्या डिस्कवरील चार फाइली उघडून पाहाव्यात; हजेरी घेतल्याशिवाय माणूस कामावर आहे असे आपण धरीत नाही, तसेच हे. मूळ कागद अर्थात जपावेतच.

सर्व्हर घ्या की पेटी घ्या, घरच्या ऐपतीप्रमाणे ठरवा. ते ठरेपर्यंत मात्र थांबू नका. मृग लागण्यापूर्वी एक प्रत गावाबाहेर पोचवा, एवढीच माझी विनंती आहे.